तिखट कानाची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मोठीबाईंच्या घरात शहाणपणाला तोटा नव्हता, पण घरच्याच जिन्यातली एक पायरी ओली राहिली आणि तिने अख्ख्या घराला कोर्टाची पायरी दाखवली.

झालं होतं असं. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. तुमच्या न्हाणीघरातलं पाणी आमच्या ओट्यावर ठिबकतं, ही त्यांची तक्रार. ती घेऊन ते सारखे वर यायचे, म्हणून सगळे त्यांना तक्रारकाकाच म्हणत. त्या दुपारीही आले, दारात उभे राहिले आणि बोलत सुटले. मोठीबाईंच्या मुलाने त्यांना कसंबसं जिन्यापर्यंत नेलं. दोन पायऱ्या उतरल्यावर काकांना आणखी एक मुद्दा आठवला. ते मागे वळले, पाय सटकला आणि ते पाठीवर खाली गेले. दवाखान्यात एक शब्द न बोलता वारले. त्यांचा मेहुणा त्याच वेळी खालून जिना चढत होता. त्याने मान वर केली तेव्हा त्याला दोनच गोष्टी दिसल्या. मागे कोसळणारे काका, आणि त्यांच्या छातीशी आलेला मुलाचा हात. "ढकललं," तो म्हणाला, आणि पोलिसांनी मुलाला नेलं.

मुलगा म्हणत होता, मी धरायला हात पुढे केला. पण ढकलायला गेलेला हात आणि धरायला गेलेला हात लांबून सारखेच दिसतात. फरक होता तो हात पुढे जाताना मुलाच्या तोंडून निघालेल्या शब्दांत. आणि त्या शब्दांना साक्षीदार एकच, त्याची आई. सून कामावर गेली होती. मोठीबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडायची.

म्हणजे मुलगा घरी येणार की तुरुंगात खितपत पडणार, हे मोठीबाईंच्या कानांवर ठरणार होतं. आणि नेमके कानच त्यांना सोडून गेले होते.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. निदान मोठीबाईंना तसं वाटत होतं. डावा कान कधीच मिटला होता. उजव्या कानाशी कुणी ओरडलं तर कुठे विहिरीतून आल्यासारखा आवाज यायचा. पण बाई वस्ताद. समोरच्याचं तोंड बघून बोलणं ओळखायची सवय त्यांनी इतकी लावून घेतली होती की कुणाला पत्ता लागत नसे. टीव्ही बंद करून टाकला, "काय तो मेला कलकलाट." फोन सुनेकडे दिला, "मला नाही त्या डबड्यात तोंड घालायचं." मागून कुणी हाक मारली आणि त्या वळल्या नाहीत, तर लोक म्हणत, मोठीबाईंचा ताठा बघा. म्हणोत. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ताठ म्हणवून घेतलेलं परवडलं. शिवाय जो माणूस सगळा वेळ स्वतःच बोलतो, त्याला ऐकू येतं की नाही याचा संशय कुणाला येणार?

त्यांची स्वतःची सासू म्हातारपणी बहिरी झाली होती. तिच्या तोंडासमोर घरातले तिच्याविषयी वाटेल ते बोलत, भिंतीपुढे बोलावं तसं. त्या बोलणाऱ्यांत मोठीबाईंचा पहिला नंबर होता. म्हणून तर त्यांना पक्कं ठाऊक होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलाचा वकील तरुण होता आणि त्याच्या काखेत नेहमी साक्षीपुराव्याचं एक जाडजूड पुस्तक असे. त्यात इतक्या चिठ्ठ्या खोचलेल्या की ते पुस्तक कमी आणि झाडू जास्त दिसे. मोठीबाई त्याला पोथीवाला म्हणत, तोंडावर.

साक्षीच्या आदल्या दिवशी तो त्यांना शिकवायला घरी आला.

"विचारलं तेवढंच बोलायचं, आजी. जास्त एक अक्षर नाही."

"आणि कमी?"

"कमी चालेल. आणि उत्तर देताना वकिलाकडे नाही, न्यायाधीशांकडे बघायचं. पुस्तकात आहे."

"मग पुस्तकालाच उभं करा ना पिंजऱ्यात. माझे गुडघे तरी वाचतील."

पोथीवाला हसला. सून हसली नाही. ती त्याच्या मागून उठून मोठीबाईंच्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आणखी काही सांगायचं राहिलंय का यांना? आताच सांगितलेलं बरं."

"काय राहणार? मी काय चोरून ठेवलंय?"

सुनेने चहाचे कप उचलले. ही सून मोठीबाईंना तशी आगाऊच वाटायची. काहीही बोलायचं झालं की समोर येऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलायची. आमच्या वेळी सुना दाराआडून बोलत.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पोचल्यावर मोठीबाईंचा जीव भांड्यात पडला. न्यायाधीश बाई होत्या. उंच खुर्चीवर, चष्मा, केस ओढून बांधलेले, आणि तोंड असं स्पष्ट की प्रत्येक अक्षर ओठांवर वेगळं मांडून ठेवल्यासारखं. त्याहून चांगलं म्हणजे त्यांची एक पद्धत होती. वकिलाने प्रश्न विचारला की त्या तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगायच्या, म्हणजे बाजूला बसलेल्या टायपिस्टला नीट लिहून घेता यावा. मोठीबाईंना वकिलाच्या तोंडाकडे बघायची गरजच पडली नाही. त्या न्यायाधीशबाईंकडे बघत राहिल्या आणि न्यायाधीशबाईंना वाटलं, काय रीतीची बाई आहे, हल्ली असे साक्षीदार कुठे मिळतात.

पोथीवाल्याचे प्रश्न सरळ होते. काय दिसलं? हात दिसला. कसा गेला? धरायला गेला. मुलगा काय म्हणाला? "काका, सांभाळा, पायरी ओली आहे." झालं. पोथीवाला खाली बसला आणि त्याने रुमालाने मान पुसली.

मग सरकारी वकील उठला. वयाने मोठा, अंगाने सडपातळ, हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालायची सवय. मोठीबाईंना त्याची निम्मी वाक्यं पाठीची आणि निम्मी बाजूची दिसत. पण न्यायाधीशबाई होत्या ना.

"काका दारात किती वेळ उभे होते?"

"माझी आमटी दोनदा गरम करून झाली होती."

"राग आला असेल."

"राग नाही, कंटाळा. राग येण्याइतका तो माणूस मोठा नव्हता."

पोथीवाल्याने डोळे मिटले.

"मुलगा त्यांना जिन्याकडे नेण्याआधी तुम्ही मुलाला काही म्हणालात?"

"म्हटलं की. म्हटलं, ताट वाढलंय, तो तासभर डोकं खातोय, वाटेला लाव."

हे बोलताना त्यांना त्या दुपारची चिडचिड परत आठवली आणि जीभ भराभर चालली. पुढचा एक दातही पडलेला. शब्द त्यांच्या तोंडातून सांडला की टायपिस्टच्या कानातून, देव जाणे. न्यायाधीशबाई तेव्हा खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. टायपिस्टची बोटं चालली आणि सरकारी वकील येरझाऱ्या थांबवून जागच्या जागी उभा राहिला. तो का थांबला हे मोठीबाईंना कळलं नाही. मागच्या बाकावर सून ताठ बसली, तेही त्यांनी पाहिलं नाही.

"स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती?"

"बंद. जिन्यातली धूळ येते."

"पोलिसांनी पंचनाम्यातही तेच लिहिलंय. बंद होती, काच जाड होती. मग मुलाचे शब्द तुम्ही बंद काचेपलीकडून ऐकलेत?"

न्यायाधीशबाईंनी प्रश्न पुन्हा सांगितला. मोठीबाईंनी तो नीट वाचला. इथे थांबायची वेळ होती. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"माझे कान तिखट आहेत. पलीकडच्या खोलीत सुई पडली तरी कुठे पडली ते सांगेन."

दोनचार जणांचे दात दिसले. म्हणजे लोक हसले असणार. मोठीबाईंनी पदर सारखा केला.

प्रश्न संपले. आता कोर्टाची रीत अशी, की साक्षीदाराने सांगितलेलं टाइप झालं की ते त्याला वाचून दाखवायचं, त्याने बरोबर आहे म्हणायचं आणि खाली सही करायची. सही झाली की संपलं. धनुष्यातून सुटलेला बाण आणि सही केलेली जबानी, दोन्ही परत येत नाहीत. पण रोजचंच काम. न्यायाधीशबाईंनी दुसरा कागद पुढे ओढला आणि कारकुनाला हात केला.

कारकून उठला आणि मोठीबाईंची पंचाईत झाली. त्याला मिशी होती. अशीतशी नाही, वरचा ओठ तर सोडाच, खालचाही निम्मा झाकणारी. त्यात त्याने कागद नाकापर्यंत उचलला. मोठीबाईंना दिसत होती ती मिशी, आणि मिशीचं ते हलणं. वाऱ्यावर गवत हलावं तसं.

ठीक आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. मीच बोललेय, त्यात नवीन काय असणार? मिशी थांबली की मान हलवायची. मिशी थांबली, त्यांनी मान हलवली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली, पुन्हा मान. असं छान चाललं होतं.

आणि मागच्या बाकावरून सून उभी राहिली.

ती ओरडली नाही. ओरडून उपयोग नाही हे तिला माहीत होतं. तिने मोठीबाईंकडे बघून तोंड मोठ्ठं उघडलं आणि आवाज न काढता म्हणाली, "नाही म्हणा."

सुनेच्या शब्दांचा अर्थ लागायच्या आधी दुसरंच काहीतरी मोठीबाईंच्या लक्षात आलं. हिला माहीत आहे. केव्हापासून? म्हणून समोर येऊन बोलते. म्हणून दिवा लावल्याशिवाय स्वयंपाकघरात तोंड उघडत नाही. आपण तिला आगाऊ म्हणत राहिलो आणि ती आपली मूठ झाकत राहिली.

कारकुनाची मिशी चालूच होती. मोठीबाईंनी मान हलवली नाही.

सून पुन्हा ओठ हलवू लागली. वाट. लाव. वाट. लाव.

वाटेला लागा? आता निघायचं म्हणते की काय ही? मोठीबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. शिपायाने सुनेचा दंड धरला. सरकारी वकील वळला, त्याने पाहिलं, आणि त्याचा हात वर गेला. तो न्यायाधीशबाईंकडे तोंड करून बोलत होता, म्हणून मोठीबाईंना नुसते खांदे दिसले. पण न्यायाधीशबाईंचं उत्तर दिसलं.

"साक्षीदाराला खुणा चालणार नाहीत. बाईंना बाहेर बसवा."

सून दाराकडे निघाली. उंबऱ्याशी ती एकदाच वळली आणि तळहात उभा करून तिने हवेला धक्का दिल्यासारखं केलं. मग दार बंद झालं.

धक्का. वाट लाव. आता मोठीबाईंना उमगलं. मी म्हटलं वाटेला लाव. रवाना कर, घरी धाड, एवढाच त्याचा अर्थ, आणि यांनी लिहिलं असेल वाट लाव. आई मुलाला सांगते, त्याची वाट लाव, आणि मुलगा जाऊन म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकलतो. मेहुण्याने नुसता हात पाहिला होता. आता त्या हातामागे आईचा हुकूम लागला. मुलाला फासात अडकवायला सरकारला जे सापडत नव्हतं ते आपण आपल्या तोंडाने वाढून दिलं, आणि वर मानही हलवली.

पण नक्की का? आपला नुसता तर्क असेल तर?

"साहेब, थांबा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "मी मुलाला काय म्हटलं, ते परत वाचा."

सरकारी वकील या वेळी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला, "का? मघाशी ऐकलंत, मान हलवलीत."

"माझी साक्ष आहे. दहादा ऐकेन."

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. कारकुनाने पान उलटलं, कागद नाकापर्यंत नेला आणि वाचलं. मिशी हलली. गवत हललं.

"बरोबर आहे?" हे न्यायाधीशबाई.

सगळी खोली वाट बघत होती. पोथीवाला त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होता, म्हणजे काहीतरी वाईट वाचलं गेलं होतं. पण काय? कागद हातात घेऊन वाचावा, तर अक्षरओळख सहीपुरतीच. बरोबर नाही म्हणावं, तर काय बरोबर नाही ते सांगावं लागणार. बरोबर आहे म्हणावं, तर सही. पलीकडच्या पिंजऱ्यात मुलगा दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले. तुरुंगातलं खाऊन असे गाल कुणाचेही बसतील.

मोठीबाईंनी एकवार ओठ घट्ट मिटले. मग उघडले.

"बाईसाहेब, तुम्ही वाचा."

"का? कारकून वाचतायत ना."

"त्यांच्या मिशीतून मला काही दिसत नाही. तुमचं तोंड दिसतं."

कोर्टात काय आवाज झाला तो मोठीबाईंना कळायचं कारण नव्हतं. पण टायपिस्टची बोटं हवेत थांबली आणि न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, एवढं त्यांनी पाहिलं.

न्यायाधीशबाईंनी कागद मागवून घेतला, खाली धरला, तोंड वर केलं आणि सावकाश वाचलं. "मी मुलाला म्हटलं, ताट वाढलंय, तो तासभर डोकं खातोय, वाट लाव."

"एक ला कमी पडला," मोठीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वाटेला लाव. जीभ दोनदा टाळूला लागते, तुमची एकदाच लागली. मी म्हटलं वाटेला लाव. निरोप दे, घरी पाठव. आमच्यात पाहुण्यालासुद्धा वाटेलाच लावतात, आणि तो पुढच्या खेपेला परत येतो. वाट लावलेला येत नाही."

पोथीवाला उठून पुस्तकातल्या चिठ्ठ्या उपसू लागला. न्यायाधीशबाई त्याला म्हणाल्या, "पुस्तक राहू द्या. चूक सापडावी म्हणूनच वाचून दाखवायचं असतं."

पण सरकारी वकील काही दूधखुळा नव्हता. एका शब्दासाठी भांडण्यात त्याला रस उरला नव्हता. त्याला त्याहून मोठा मासा दिसला होता. "मॅडम, फक्त एक प्रश्न," तो म्हणाला, आणि चालत खिडकीपाशी गेला. तिथे तो बाहेर बघत उभा राहिला, खोलीकडे पाठ करून. त्याचे हात मागे बांधलेले होते आणि एक बोट दुसऱ्यावर टिचक्या मारत होतं.

मोठीबाई न्यायाधीशबाईंकडे बघत राहिल्या. या वेळी न्यायाधीशबाईंनी काही पुन्हा सांगितलं नाही. त्यांचे ओठ मिटलेले होते. कारकून त्यांच्याकडे बघत होता. टायपिस्ट बघत होती. पहिल्या बाकावरचा मेहुणा मान पुढे काढून बघत होता. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणजे प्रश्न होऊन गेला, हे मोठीबाईंना समजलं. कुठला प्रश्न, ते त्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं.

चोराला भर चौकात उभं करावं तशा त्या उभ्या होत्या. पण मान त्यांनी खाली घातली नाही.

सरकारी वकील वळला. आता तो त्यांच्यासमोर आला, चांगला दिसेल असा, आणि एकेक शब्द सुटा करून बोलला. "मी विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का?"

"नाही."

"थोड्या वेळापूर्वी याच कोर्टात शपथेवर तुम्ही म्हणालात, कान तिखट आहेत. सुई पडली तरी कळेल. खरं?"

"म्हटलं खरं. पण ते खोटं."

"मग मुलगा काय म्हणाला, तेही खोटं."

"ते खरं."

"ऐकलंत?"

"ऐकलं नाही. बघितलं." मोठीबाईंनी कठड्यावर हात ठेवला. "काच बंद असली काय आणि उघडी असली काय, मला सारखंच. काच स्वच्छ होती. मी रोज पुसते. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. काका वळले, आणि हा म्हणाला, काका, सांभाळा, पायरी ओली आहे. मी वाचलं त्याच्या तोंडावर. मग हात गेला. आधी शब्द, मग हात."

"हे आज सुचलं?"

"सुचलं नाही. सांगायची लाज वाटली."

"म्हणजे लाजेपोटी शपथेवर खोटं बोललात. उद्या मुलापोटी का बोलणार नाही?"

मोठीबाई काही म्हणायच्या आत सरकारी वकील न्यायाधीशबाईंकडे वळून बोलू लागला. पाठ, खांदे, हात. पोथीवाला उठला, तोही बोलू लागला. दोघांची तोंडं वर, न्यायाधीशबाईंकडे. मोठीबाईंना कुणाचंच काही कळेना. एवढं कळत होतं की ओठ बघून बोलणं ओळखता येतं असं कुणीही म्हणू शकतं, असंच काहीतरी चाललं असणार. आपणही त्याच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं.

त्यांची नजर सहज मुलाकडे गेली आणि त्या एकदम तोडून बोलल्या, "पाय माझे आहेत. दुखले तर मी बघेन. तू गप्प उभा राहा."

दोन्ही वकील थांबले. न्यायाधीशबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कोणाशी बोलताय?"

"याच्याशी." मोठीबाईंनी हनुवटीने मुलाकडे दाखवलं. "म्हणतोय, आई, पुरे झालं, खुर्ची माग, पाय दुखतील. घरी असताना कधी विचारलं नाही पायांचं. इथे आठवलं."

न्यायाधीशबाई मुलाशेजारी उभ्या असलेल्या पोलिसाकडे वळल्या. "आरोपी बोलला?"

पोलीस गडबडला. "नाही मॅडम. मी इथेच आहे. आवाज नाही आला."

"ओठ हलवले?"

"हलवले असतील. मला काही ऐकू आलं नाही."

न्यायाधीशबाईंनी मुलाकडे पाहिलं. "आईला काय म्हणालात?"

मुलगा आईकडे बघत होता. मागून हाक मारली तरी न वळणारी, आपल्यावर कायम फुगून बसलेली ही बाई, असंच त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. "म्हटलं... आई, पुरे झालं. खुर्ची माग, पाय दुखतील," तो म्हणाला.

सरकारी वकील लगेच म्हणाला, "मॅडम, मायलेकांनी हे ठरवून..."

"ते युक्तिवादात सांगा. हरकत तुमची लिहून घेतली जाईल." न्यायाधीशबाईंनी टायपिस्टला खूण केली. पण सांगताना त्यांनी तोंड टायपिस्टकडे नेलं नाही. मोठीबाईंकडे ठेवलं. "कोर्टाची नोंद. साक्षीदाराच्या मागणीवरून 'वाट लाव' हे शब्द 'वाटेला लाव' असे दुरुस्त केले. साक्षीदार पूर्णपणे बहिरी आहे असे..."

"पूर्णपणे नाही," मोठीबाई म्हणाल्या. "उजव्या कानाने येतं थोडं."

"किती?"

"कुणी ओरडलं तर. पण माझ्यावर ओरडायची अजून कुणाची छाती झालेली नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

न्यायाधीशबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. तो शब्द नव्हता, म्हणून मोठीबाईंनी सोडून दिला. "साक्षीदारास जवळजवळ ऐकू येत नाही," न्यायाधीशबाईंनी पुढे सांगितलं. "कान तिखट असल्याचे तिचे आधीचे विधान खोटे होते, हे तिने कबूल केले. आरोपीने आवाज न करता उच्चारलेले वाक्य तिने अंतरावरून बरोबर सांगितले. हे कोर्टाने स्वतः पाहिले."

खोटे होते. कबूल केले. एकेक अक्षर त्या ओठांवर स्पष्ट उमटलं आणि मोठीबाईंनी एकेक वाचलं. तोंडात कडू गोळी विरघळू द्यावी तसं.

मग जबानी पहिल्यापासून पुन्हा वाचली गेली. न्यायाधीशबाईंनी स्वतः वाचली. मोठीबाईंनी प्रत्येक वाक्याला थांबवलं, दोन ठिकाणी काना-मात्रेवरून वाद घातला, आणि मग सही केली. सहीची अक्षरं त्यांना चारच येत होती, ती त्यांनी सावकाश काढली.

बाहेर आल्यावर शिपाई त्यांच्या कानाशी ओरडला, "आजी, इकडून जिना आहे." बातमी दाराबाहेर पोचली होती.

"समोर येऊन बोल," मोठीबाई म्हणाल्या. "आणि ओरडू नकोस. मी बहिरी आहे, खुळी नाही."

निकालाच्या दिवशी त्या पहिल्या बाकावर बसल्या, न्यायाधीशबाईंच्या बरोबर समोर. शेजारी सून. मेहुण्याची साक्ष, आईची साक्ष, हात, पायरी, पानंच्या पानं खाली बघून वाचली गेली आणि मोठीबाईंना त्यातलं काही मिळालं नाही. सुनेचा हात त्यांच्या मनगटावर होता. शेवटचं पान आलं तेव्हा न्यायाधीशबाईंनी मान वर केली, मोठीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते वाक्य सावकाश म्हटलं.

"संशयाचा फायदा देऊन आरोपीला मुक्त करण्यात येत आहे."

सुनेने तोंडावर पदर घेतला. पोथीवाला पुस्तक बाकावर ठेवून दोन्ही हातांनी डोळे पुसू लागला. मुलाने कठड्यावर डोकं टेकलं.

मोठीबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "संशय?" त्यांनी सुनेला विचारलं, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात. "एवढं सगळं सांगितलं, तरी संशय कुणाला राहिला?"

सून त्यांच्या समोर आली, दोन्ही खांदे धरून तिने त्यांना खाली बसवलं आणि ओठांनीच म्हणाली, "आई, तुमच्या पाया पडते. गप्प बसा."

मोठीबाईंना ते नीट कळलं. पण त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.